कातर धरणारा हात

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. साखळी गावाच्या बाजारात, बसस्टँडकडून वर येणाऱ्या रस्त्यावर माझं सलून आहे. एक खुर्ची, एक आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं, आणि काम करणारा मी एकटा. गेली चोवीस वर्षं लोकांचे केस कापतो, दाढ्या करतो. माझ्या उजव्या हाताला जे झालं ते याच दुकानात झालं, हळूहळू झालं, आणि मी ते दोन वर्षं लपवलं. इस्पितळात माझ्या हाताचे व्यायाम घेणाऱ्या लिझा मॅडम एकदा म्हणाल्या, "सगुण, तुम्ही हे लिहून काढा. भिंतीवर लावलेली आमची पत्रकं कोणी वाचत नाही. तुमचं वाचतील." म्हणून लिहितोय. कातर असो, सुई असो, करवत असो नाहीतर कॉम्प्युटर, ज्याचं पोट हाताच्या एकाच हालचालीवर चालतं त्याच्यासाठी.

मास्तरांचा कान

चतुर्थीच्या आधीचा रविवार होता. त्या दिवशी सलूनवाल्याला पाणी प्यायला सवड नसते. बाकड्यावर पाच जण, दारात तिघे उभे. खुर्चीत भास्कर मास्तर. निवृत्त शिक्षक, दर तीन दिवसांनी दाढीला येणारे, दुकान उघडलं तेव्हापासूनचे. हृदयाच्या दुखण्यामुळे त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत, हे मला माहीत होतं.

उजव्या कानाखाली वस्तरा फिरवत होतो. तो डोळ्यांना दिसत होता, पण बोटांना लागत नव्हता. अंगठा आणि पहिली दोन बोटं माझी नसल्यासारखी झाली होती. मी जरा जोर दिला, आणि पातं कानाच्या पाळीखाली उतरलं.

रक्त पांढऱ्या कपड्यावर आलं. तुरटी लावली, थांबेना. कापूस दाबून धरला. किती वेळ धरला होता कोणास ठाऊक, पण बाकड्यावरचे सगळे गप्प झाले होते आणि रेडिओवरच्या जाहिराती ऐकू येत होत्या. मग मी म्हणालो,

"मास्तर, तुमी हालले."

मास्तरांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात एखाद्या मुलाने खोटं सांगितलं की जसं बघतात तसं.

"हां," ते म्हणाले. "हाललो आसेन."

रक्त थांबल्यावर ते उठून गेले. मी कपडा झटकला आणि पुढच्या माणसाला खुर्चीत बोलावलं. माझ्या आजारपणातलं मला सर्वांत जास्त टोचतं ते हे एक वाक्य. ऑपरेशनचे टाके त्यापुढे काहीच नाहीत.

त्याआधीची दोन वर्षं

सुरुवात मुंग्यांनी झाली. दिवसाचं शेवटचं डोकं झालं की बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या. हात झटकला की जायच्या. पुढे झोपेतून हात झटकत उठायला लागलो. मग मशीन धरलं की त्याची थरथर कोपरापर्यंत चढायची, आणि मशीन बंद केलं तरी हातात घरघर चालूच राहायची. मग सकाळी शर्टाचं वरचं बटण लागेना. मी ते उघडंच ठेवून दुकानात जायला लागलो. लोकांना वाटलं, गरम होतंय.

औषधं करत होतो, गुपचूप. बाम, तेल, औषधाच्या दुकानातून आणलेल्या ताकदीच्या गोळ्या. डॉक्टरकडे मात्र गेलो नाही. का गेलो नाही, ते प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या मामाला अर्धांगवायू झाला होता आणि त्याची सुरुवात हात बधिर होण्यापासून झाली होती, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मला वाटलं, माझंही तेच. डॉक्टर तेच सांगणार. न विचारलं तर निदान कोणी सांगणार तरी नाही.

दुसरी भीती धंद्याची. न्हाव्याकडे माणूस आपला गळा वर करून, डोळे मिटून बसतो. या न्हाव्याच्या हाताला कळत नाही, असं एकदा बाजारात पसरलं की कोण बसेल?

सुनंदाने डोळे मिटायला सांगितले

बातमी माझ्याआधी घरी पोचली. सुनंदा, माझी बायको, मासळी आणायला गेली होती. तिथे कोणीतरी तिला सांगितलं. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती पायरीवर बसून होती.

"मास्तराक रगत काडलें म्हणे तुमी?"

"ते हालले," मी म्हणालो.

ती उठली. आत जाऊन आली आणि माझ्यासमोर बसली. "डोळे धांपा," म्हणाली. मी मिटले. तिने माझ्या उजव्या चिमटीत काहीतरी ठेवलं. "कितें तें?"

मला कळेना. काहीतरी आहे एवढं कळत होतं. गार आहे का, गरम आहे का, गोल आहे का, काही नाही. मी अंदाजाने म्हणालो, "चावी."

डोळे उघडले तर तिची साडीची पिन होती. उघडी. टोक अंगठ्यात रुतलं होतं आणि त्यावर रक्ताचा थेंब होता.

ते बघून ती घाबरली. पिन काढून घेतली, पदराने अंगठा पुसला, आणि मग रडायच्या बेतात आलेल्या माणसाला येतो तसा तिला राग आला. "चार म्हयने बगतंय मी. चायेचो कोप दोनय हातांनी धरतात तुमी. वाटलें, आज सांगतले, फाल्यां सांगतले. लोकांनी बाजारांत माका सांगचें?"

दुसऱ्या दिवशी सोमवार, दुकान बंद असतं. तिने मला साखळीच्या आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हात बघितला आणि मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली.

दोन तळहात

इस्पितळात हाडांच्या ओपीडीबाहेर सकाळपासून बसलो होतो. सुनंदाने पोदेराकडचे उंडे, म्हणजे गोल पाव, आणि भाजी बांधून आणली होती. मी पुडी सोडलीच नाही. मनात एकच चाललं होतं, आता अर्धांग हा शब्द ऐकायचा.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी आधी हाताला हातही लावला नाही. विचारलं, "काम काय करता?"

सांगितलं.

"दिवसाला किती तास उभे असता? मध्ये थांबता का?"

"जेवायला थांबतो. गिऱ्हाईक नसेल तर."

"बरं. दोन्ही तळहात टेबलावर ठेवा. उताणे."

मी ठेवले. त्यांनी दोन्ही हात एकमेकांजवळ सरकवले. वाकून मीच बघितलं. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी मांसाचा उंचवटा होता. उजव्याच्या बुडाशी तो बसला होता, पोळी तव्यावर फुगून मग खाली बसते तसा. हजारो माणसांची डोकी मी इतक्या जवळून पाहिली, कोणाच्या कुठे खोक पडली होती ते मला पाठ आहे. माझा स्वतःचा तळहात मी पाहिला नव्हता.

मग त्यांनी मनगटं खाली दुमडून धरायला सांगितली. अर्धं मिनिटही झालं नसेल, मुंग्या आल्या. नंतर दुसऱ्या खोलीत नसांची तपासणी झाली. मनगटाला तार लावून बारीक झटके देतात आणि बोट आपोआप उडतं. डाव्या हाताचं बोट पटकन उडायचं. उजव्याचं उशिरा, नाइलाज झाल्यासारखं.

कागद बघून डॉक्टरांनी सांगितलं ते असं. मनगटात एक अरुंद वाट असते. तिच्यातून बोटांच्या दोऱ्या जातात आणि एक नस जाते. तीच हालचाल वर्षानुवर्षं, मनगट वाकवून, न थांबता केली की दोऱ्या सुजतात. वाट तेवढीच राहते. मग नस चिरडली जाते.

"म्हणजे अर्धांग नाही?" मी विचारलं.

"नाही हो. कोणी सांगितलं तुम्हाला?"

कोणीच सांगितलं नव्हतं. दोन वर्षं मीच मला सांगत होतो. मी तिथेच, त्या खुर्चीत, रडलो. सुनंदा माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

डॉक्टरांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "पण उशीर झालाय. सुरुवातीला आला असतात तर मनगटाला पट्टा, थोडी विश्रांती आणि कामाची पद्धत बदलून भागलं असतं. आता ऑपरेशन करून नसेला जागा करून द्यायला हवी. मुंग्या जातील. बोटांची जाणीव बरीचशी येईल. अंगठ्याजवळचं गेलेलं मांस येईल असं मी सांगणार नाही."

"कातर धरता येईल?"

"येईल असं वाटतं. आजवर धरलीत तशी नाही."

बाबा

माझे वडील आमच्याजवळच राहतात. मूळचे कोरगावचे. तिथे त्यांनी चाळीस वर्षं वाड्यावाड्यांवर हिंडून लोकांच्या हजामती केल्या. खांद्याला धोकटी लावून घरोघरी. आता वय शहात्तर. मी त्यांना सांगितलं, कामामुळे असं झालंय, ऑपरेशन करायचंय.

"कामान हात वता?" ते म्हणाले. "माझो गेलो?" आणि त्यांनी आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. सरळ, स्थिर, बोटांना जराही कंप नाही.

त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. घरात ताट-पाट होत होतं, बोलणं नव्हतं. मला वाटलं, मी नाजूक निघालो याची त्यांना लाज वाटतेय. त्या चार दिवसांत ऑपरेशन नको म्हणून इस्पितळात फोन करायला दोनदा मोबाईल हातात घेतला. एकदा सुनंदाने काढून घेतला. एकदा मीच खाली ठेवला.

ऑपरेशनचा दिवस

सकाळी हिरवा झगा घालून आम्हाला एका रांगेत बसवलं होतं. माझ्या शेजारी डिचोलीची एक बाई होती, पस्तिशीची असेल. तिचाही हाच आजार, हेच ऑपरेशन.

"तुमी पण सलूनांत?" मी विचारलं.

ती हसली. "ना. कारखान्यांत. गोळ्यांच्या पट्ट्यो डब्यांत भरतंय. दीसभर." तिने बोटांनी हवेतच पट्टी उचलली, डबा दुमडला, बाजूला ठेवला. इतक्या सफाईने की डबा दिसलाच. "साहेबाक सांगूंक ना. काडून उडयतलो म्हण भियेलें. मागीर कळ्ळें, लायनीर बसतत त्या आणखी तिगीजणी हातमोज्याभितर पट्टो बांदून येतात. एकमेकींक सांगूंक ना."

तोवर मला वाटत होतं की हे मला एकट्यालाच झालंय, माझ्यातच काहीतरी कमी आहे.

मग एक अटेंडंट माझ्या हातावरचे केस काढायला आला. हातात प्लास्टिकचा वस्तरा, आणि कातडी सैल सोडून केसांच्या उलट्या दिशेने ओढायला लागला. मला राहवेना.

"अरे, कातडी ताणून धर. आणि वस्तरा असा आडवा नको, जरा तिरपा."

त्याने वर बघितलं. "तुम्ही कोण?"

"न्हावी."

"मग तुम्हीच सांगा," तो म्हणाला. मी सांगत गेलो, तो करत गेला. शेवटी हात गुळगुळीत झाला. "आता रोज असंच करीन," म्हणाला. टेबलावर जाताना माझी अर्धी भीती गेली होती ती त्याच्यामुळे.

ऑपरेशन हाताला सुन्न करून करतात, माणूस जागाच असतो. मध्ये हिरवा पडदा. पलीकडे डॉक्टर काय करत होत्या ते दिसलं नाही. एक सिस्टर डोक्याशी उभी राहून बोलत राहिली. लहान मुलांचे केस कापताना ती रडतात तेव्हा काय करता, असं तिने विचारलं. मी सांगितलं, त्यांच्याशी बोलत राहतो. ती म्हणाली, "मी पण तेच करतेय." थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाल्या, "झालं."

संध्याकाळी घरी.

डावा हात

पुढचे आठवडे उजवा हात गळ्यात. डाव्या हाताने जेवायला येईना. आंघोळ, नाडी, बटणं, सगळं सुनंदा करायची. आजारी माणूस घरच्यांचे उपकार मानतो असं पुस्तकात असतं. मी तिच्यावर चिडायचो. शर्टाची बाही ओढली म्हणून, कढी जास्त वाढली म्हणून, पंखा लावला म्हणून. एकदा मी ताट ढकललं. भात जमिनीवर.

तिने ताट उचललं नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हात तुमचो दुकता. जीभ बरी आसा ती." आणि चोपड्याला माहेरी निघून गेली. दोन दिवस आली नाही.

ते दोन दिवस बाबांनी मला भरवलं. लहानपणी भरवायचे तसे मोठे मोठे घास. तिसऱ्या दिवशी मीच बस धरून चोपड्याला गेलो, डाव्या हाताने दांडा पकडून. ती अंगणात भावाच्या मुलीची वेणी घालत होती. मला बघून म्हणाली, "बसा. हिची वेणी जांव दे." मी बसलो. माफी मागायचे शब्द वाटेत जुळवले होते, त्यातला एकही आठवेना. "घरा चल," एवढंच म्हणालो. वेणी पुरी झाल्यावर ती उठली आणि पिशवी घेतली.

बाबांनी दुकान उघडलं

टाके निघाले त्या आठवड्यात बाबा सकाळी माझ्यासमोर उभे राहिले. "चावी दी."

"कसली?"

"दुकानाची. तेरा दीस बंद आसा."

मी नको म्हणालो. त्यांचे गुडघे गेलेले, उभं राहवत नाही. त्यांनी ऐकलं नाही. ट्रंकेतून जुनी कातर काढली, धार बघितली, आणि आम्ही दोघे रिक्षाने बाजारात गेलो.

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या दुकानात बाकड्यावर बसलो. गिऱ्हाईक म्हणून आलेले बाबांच्या वयाचे चार-पाच म्हातारे. बाबांनी माझी खुर्ची वापरलीच नाही. घरून एक बुटकं कदेल, म्हणजे साधी लाकडी खुर्ची, आणायला लावलं होतं. माणसाला त्यावर बसवलं आणि स्वतः मागे उंच स्टुलावर बसले. माणूस खाली, बाबा वर. मी त्यांची कोपरं बघत होतो. ती बरगड्यांना टेकलेली होती. मनगट सरळ. हालत होती फक्त बोटं. आणि एक डोकं झालं की ते कातर खाली ठेवायचे, कपडा घडी करायचे, पाणी प्यायचे, दोन गोष्टी बोलायचे. मग पुढचा. कोणी घाई केली नाही. माझ्याकडे एक माणूस उठायच्या आत दुसऱ्याच्या गळ्यात कपडा बांधलेला असतो.

दुपारी मी विचारलं, "बाबा, कोरगांवांत दिसाक किती डोकी जायत?"

"सात. आठ. एका वाड्यार दोन-तीन, मागीर घाटी चडून दुसऱ्या वाड्यार."

"आणि घाटी चडताना हात?"

ते थांबले. "हात खंय आसतलो? लोंबकळत."

दोन वाड्यांमधल्या त्या चढणीच्या वाटेवर त्यांचा हात रोज विश्रांती घेत होता, आणि गुडघे झिजत होते. माझे गुडघे शाबूत आहेत. धंदा एकच, पण त्याने दोघांच्या अंगातलं वेगवेगळं काहीतरी घेतलं.

घरी येताना रिक्षात ते आपण होऊन बोलले. "त्या दिसा माका वाटलें, तू माझ्या धंद्याक नांव दवरतंय. म्हणून उलयलों ना."

"धंद्याक न्हय, बाबा. माझ्या पद्धतीक."

"कळ्ळें आतां," ते म्हणाले, आणि माझा बांधलेला हात धक्के लागू नयेत म्हणून आपल्या मांडीवर घेऊन बसले.

लिझा मॅडमनी व्हिडिओ थांबवला

हाताचे व्यायाम सुरू झाले. बोटं उघडायची-मिटायची, अंगठा प्रत्येक बोटाला लावायचा, ओल्या फडक्याची घडी हळू पिळायची. लिझा मॅडमनी सांगितलं, काम करताना तुम्ही कसे उभे राहता ते मला बघायचंय. सुनंदाने दुकानात मोबाईलवर व्हिडिओ काढला. खुर्चीत बाबा, हातात फक्त कंगवा, आणि मी नेहमीसारखा उभा.

मॅडमनी तो चालू केला आणि लगेच थांबवला. "तुमचा खांदा बघा. कानाला लागलाय. आणि मनगट? खुर्ची वर का घेत नाही?"

"पंप बिघडलाय."

"कधीपासून?"

मी आठवून सांगितलं, "सहा वर्षं."

त्या हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "सगुण, हात बरा करायला मी आहे. पंप दुरुस्त करायला मी येऊ शकत नाही."

पंप दुरुस्त केला. चाकांचं एक उंच स्टूल घेतलं, अर्धं काम आता बसून करतो. गिऱ्हाइकाच्या भोवती मी वाकत नाही, स्टूल सरकवतो नाहीतर खुर्ची फिरवतो. कातर दर पंधरवड्याला धार लावून घेतो, कारण बोथट कातरीला लागणारा जास्तीचा जोर आपला अंगठाच देत असतो. मशीन सैल धरतो. पूर्वी आवळून धरायचो, जणू ते पळून जाणार होतं. दोन माणसांच्या मध्ये पाच मिनिटं काहीच करत नाही. केस कापल्यावर डोक्याची मालिश मी फुकट करून द्यायचो, अंगठे रुतवून. ती बंद केली. त्यावरून लोक कुरकुरले, काही जण अजून कुरकुरतात. पहिले दोन महिने मी प्रत्येकाला कारण समजावत होतो. आता फक्त "हात" म्हणतो.

आणि मुंग्या आल्या की थांबतो. एवढं एकच कोणी लक्षात ठेवलं तरी पुरे. मुंग्या झटकून टाकायच्या नसतात. त्या आल्या की हातातलं काम खाली ठेवायचं.

आज दोन बोटांची जाणीव पूर्ण परत आलीय. अंगठ्याच्या टोकाला अजून कापूस गुंडाळल्यासारखं वाटतं. म्हणून वस्तऱ्याची दाढी मी सोडली. फक्त केस. दाढीला आलेल्याला स्पष्ट सांगतो की माझ्या अंगठ्याला पूर्ण कळत नाही. पहिल्यांदा हे वाक्य मी गिऱ्हाइकाकडे पाठ करून बोललो.

मास्तरांच्या घरी

दुकान पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या सोमवारी मी भास्कर मास्तरांकडे गेलो. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. गाल नीट केलेले, ताजे. मी उभ्यानेच सांगितलं, "मास्तर, त्या दिसा तुमी हालूंक नाशिल्ले. माझ्या बोटांक कळूंक ना. मी खोटें सांगलें."

त्यांनी चष्मा काढला. "मी हाललों ना तें माका खबर आसा, सगुण. तू केन्ना सांगतलो तें पळयत होतों." मी कधी सांगतो याची ते वाट बघत होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, हात बघायला मागितला, टाक्याची रेघ बोटाने चाचपली.

चहा झाल्यावर मी म्हणालो, "केस कापूंक तरी येयात."

ते जरा ओशाळले. "आतां त्या नव्या सलूनाची संवय जाली रे. नितेशच्या. हात बरो आसा त्याचो." मग थोडं थांबून, "पूण तोय मदीं मदीं हात झाडटा. तू एकदां वचून पळय."

मला लागलं. चोवीस वर्षांचं गिऱ्हाईक गेलं, आणि वर दुसऱ्या सलूनवाल्याची काळजी मीच करायची. दोन दिवस मी गेलो नाही.

नितेशची खुर्ची

तिसऱ्या दिवशी गेलो. नितेश सिंधुदुर्गातला, तिशीचा, चार वर्षांपूर्वी साखळीत आला. मला दारात बघून त्याचा चेहरा सावध झाला. मी गिऱ्हाइकांवरून भांडायला आलोय असं त्याला वाटलं असणार. मी म्हणालो, "केस कापायचेत," आणि बाकड्यावर नंबर लावून बसलो.

माझा नंबर आल्यावर त्याने कपडा बांधला, कातर घेतली. हात खरंच चांगला होता, हलका. मी आरशात बघत होतो. दहाएक मिनिटांनी तो माझ्या पाठीमागे सरकला आणि मला दिसू नये अशा बेताने हात खाली सोडून दोनदा झटकला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय?"

मी कपड्याखालून माझा हात बाहेर काढला आणि मनगटावरची रेघ दाखवली. त्याने ती बघितली, कातर हातात धरून तसाच उभा राहिला. बाकड्यावर माणसं होती, म्हणून वाकून माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "पाच म्हयने झाले असतीत. सकाळी कंगवो धरूक होयना. पन काय नाय ओ, जाता आपोआप."

"जात नाही," मी म्हणालो. "सोमवारी पहिल्या बसने इस्पितळात जायचं. मी येतो."

"दुकान?"

"सोमवारी दोघांचीही बंदच असतात."

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. मी स्टॉपवर पोचलो तर तो माझ्याआधीच उभा होता. ओपीडीबाहेर बसल्यावर एकदाच म्हणाला, "कातर सोडूक लागात काय ओ?" मी खोटा धीर दिला नाही. माहीत नाही म्हणालो.

त्याच डॉक्टर बाई होत्या. त्यांनी त्याचा अंगठा सगळीकडून दाबून बघितला, मनगट दुमडायला लावलं, प्रश्न विचारले. नसांची तपासणीही करून घेतली. मग कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या, "मांस शाबूत आहे. ऑपरेशन लागणार नाही. सहा आठवडे पट्टा, व्यायाम, आणि काम निम्मं. वेळेवर आलात."

नितेश नुसता मान हलवत राहिला, डॉक्टर पुढच्या माणसाला हाक मारेपर्यंत.

तो पट्टा घ्यायला खिडकीशी उभा राहिला तेव्हा मी बाहेर येऊन सुनंदाला फोन केला. काय झालं ते सांगितलं. मागे कढईत काहीतरी तळल्याचा आवाज येत होता.

"बरें जालें," ती म्हणाली. "येतना ताका जेवंक घेवन या."